घर क्रमांक एकशे सतरा

एकशे सतरा नंबरचं घर काही केल्या नीट पडत नव्हतं.

बाकीचं गाव पडत होतं. फरझाना कुरेशीनं कळ दाबली की पडद्यावर हरंगी गाव उभं राहायचं, त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात होतं तसं. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत एकाला एक चिकटलेली दगडी घरं, त्यांच्यावर मातीची जाड माळवदं, मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढे बोळ. मग जमिनीखाली सात किलोमीटरांवर खडक सरकायचा आणि सहाशे बारा घरं कोसळायची. प्रत्येक घर त्या पहाटे ज्या बाजूला आणि ज्या क्रमानं पडलं होतं, तसंच. जुन्या फोटोंशी आणि वाचलेल्या माणसांच्या जबान्यांशी ताडून पाहिलं की सगळं जुळायचं. एकशे सतरा मात्र जुळत नव्हतं.

"मॅडम, चारशे वेळा चालवून बघितलं," फरझाना म्हणाली. ती मूळची सोलापूरची, गेली चार वर्षं या प्रकल्पावर होती. एरवी बोलायला कचरायची नाही, पण आज तिनं पडद्यावरची नजर हलवली नव्हती. "जबानी खरी धरली तर फोटो जुळत नाही. फोटो खरा धरला तर जबानी."

गंगोत्री हलकुडे तिच्या खुर्चीमागे उभी होती. अकरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या या संस्थेत तिनंच हा प्रकल्प सुरू केला होता. आणि एकशे सतरा नंबरचं घर तिचं स्वतःचं होतं. ते पडलं तेव्हा ती सव्वादोन वर्षांची होती. जबानी तिच्या वडिलांची होती.

या प्रोग्रामला त्यांनी 'पुनर्कंप' असं नाव दिलं होतं. भूकंप घडवणारी खडकातली भेग, भूशास्त्रात जिला भ्रंश म्हणतात, ती कुणाला दिसत नाही. जात्याचे दोन खडबडीत दगड एकमेकांवर दाबून धरावेत तसे तिचे दोन्ही काठ हजारो वर्षं एकमेकांत अडकून बसलेले असतात. ताण साचत जातो. एक दिवस एखादी अडकलेली जागा सुटते, ती शेजारची सोडवते, आणि काही सेकंदांत मैलभर खडक हातभर सरकतो. हरंगीखाली ती जागा कुठं होती, भेग कोणत्या दिशेनं फुटत गेली, कुठं अडखळली, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. म्हणून पुनर्कंप तशा लाखो भेगा कल्पून बघायचा, प्रत्येक भेग फोडायचा आणि गावातल्या प्रत्येक बोळात जमीन कशी हलली असेल याचा हिशेब करायचा. लांबच्या वेधशाळांनी त्या पहाटे टिपलेल्या कंपनांशी ज्या भेगांचं जुळायचं नाही, त्या बाद.

उरलेल्या भेगांची परीक्षा गंगोत्रीच्या गटानं नव्या रीतीनं घेतली होती. ऐन भेगेवर त्या वेळी एकही यंत्र नव्हतं, पण घरं होती. पडताना घर सगळं नोंदवून ठेवतं. कोणती भिंत कुठं झुकली, कशाखाली काय सापडलं, यावरून जमीन कोणत्या सेकंदाला कोणीकडे गेली ते काढता येतं. सहाशे बारा घरं म्हणजे भेगेच्या डोक्यावर ठेवलेली सहाशे बारा यंत्रं.

हे सगळं इतिहासासाठी चाललेलं नव्हतं. सन दोन हजार एक्केचाळीस होतं आणि दख्खनच्या पठारावर घरोघरी इशारापेट्या बसवायचं सरकारनं ठरवलं होतं. भूकंपात आधी एक हलकी, वेगवान लाट येते आणि मागून ती घरं पाडणारी. पेटी पहिली लाट ओळखून ओरडणार होती. पण काय ओरडायचं? सिमेंटच्या इमारतीत माणसं जिन्यावर धावली तर तिथंच चेंगरतात. तिथं 'आत थांबा' म्हणायचं. दुसऱ्या घरात थांबणं म्हणजेच मरण. तिथं 'बाहेर पळा'. कोणतं घर आपल्या माणसांना किती सेकंद देतं, हे पेटीला आधी ठाऊक असायला हवं. आणि पठारावर माळवदाची घरं अजून दोन लाखांवर होती.

माळवदाच्या घराचा सगळा हिशेब एकशे सतरावर येऊन अडला होता. ओट्यावरच्या ढिगाऱ्याला कुणाचा हात लागण्याआधी, त्याच दुपारी काढलेला फोटो आणि पहिल्या क्षणापासून जागा असलेला हयात साक्षीदार, अशी जोडी साऱ्या गावात या एकाच घराची होती.

जबानी अशी होती: "मी ओट्यावर निजलो होतो. मुलगी माझ्यापाशी होती. आवाज झाला, तिला उचलून पळालो. मागं बघितलं तर घर खाली."

फोटोत ओट्यावर गुडघाभर दगड होते आणि त्या दगडांवर माळवदाची पांढरी माती पसरलेली होती. आधी पडतं ते खाली असतं. म्हणजे भिंतीचा बाहेरचा थर दुसऱ्याच सेकंदाला सोलून ओट्यावर आला होता, आणि माळवद मात्र लाकडी खांबांवर तोललेलं राहून सातव्या सेकंदाला खाली आलं होतं. ओट्यावर कुणी निजलं असतं तर ते त्या दगडांखाली सापडलं असतं. जबानी खरी ठरवायची तर प्रोग्रामला भिंत उभी ठेवावी लागत होती आणि माळवद तिसऱ्या सेकंदालाच पाडावं लागत होतं.

"तीन धरले तर पळायला वेळच नाही, पेटी म्हणेल आत थांबा," फरझाना म्हणाली. "सात धरले तर म्हणेल पळा. दोन लाख घरांत, मॅडम." मग जरा थांबून, "हे घर वगळू या का?"

"वगळून आकडा कशावर उभा करणार?"

"दहा दिवसांनी समिती येतीय."

"माहितीय."

"बाबांना नीट आठवत नसेल. अठ्ठेचाळीस वर्षं झाली."

"नसेल आठवत," गंगोत्री म्हणाली. पण अप्पांना आठवत नाही असं काही नसतं, हे ती जाणून होती. मन्मथअप्पा हलकुडे चौतीस वर्षं गावचे पोस्टमास्तर होते. कुणाचं पत्र कुठून, कोणत्या महिन्यात आलं होतं, हे ते अजून सांगायचे. आणि त्यांच्या तोंडून कुणी कधी खोटं ऐकलं नव्हतं.

खोटं ऐकलं असं म्हणणारी एकच बाई होती.

गंगोत्रीची आई बाळंतपणात गेली. अप्पांची थोरली बहीण महानंदा उमरग्याला दिलेली होती. तिचा चन्नू तेव्हा सव्वा वर्षाचा, अंगावर पिणारा. ती त्याला घेऊन हरंगीला भावाकडे येऊन राहिली आणि दोन्ही लेकरांना तिनं आपल्याच दुधावर वाढवलं. दोन वर्षं ती सासर आणि माहेर अशी ये-जा करत राहिली. गणपती बुडवायच्या त्या आठवड्यात नवरा तापानं पडला म्हणून तिला उमरग्याला जावं लागलं. चन्नूला मिरवणूक बघायची होती, तो मामाकडे राहिला. भूकंप झाला त्याच दिवशी दुपारी ती आली तेव्हा भावाच्या कडेवर गंगोत्री होती, अंगावर ओरखडासुद्धा नसलेली. चन्नूला मधल्या खोलीतून उकरून काढलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी.

महानंदाआत्या तेव्हापासून एकच गोष्ट सांगत होती. पोरीला खोकला होता. खोकल्याचं लेकरू घेऊन भाद्रपदात कुणी ओट्यावर निजत नाही. तो आतच होता. लोकांनी ऐकून घेतलं, मग ऐकायचं सोडलं. दुःखानं बाईचं डोकं फिरलं असं ठरलं. नवऱ्यानं तिला सोलापूरच्या डॉक्टरला दाखवलं. भावाचा उंबरा ती पुन्हा चढली नाही. गंगोत्री आपल्या लग्नाची पत्रिका घेऊन गेली, तेव्हा आत्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि गंगोत्री उठून जाईपर्यंत भिंतीकडं बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगोत्री गाडी घेऊन निघाली आणि तिसऱ्या प्रहरी नव्या हरंगीला पोचली. नवं गाव जुन्यापासून तीन किलोमीटरांवर, माळावर, आखून वसवलेलं. रस्ते सरळ, घरं सिमेंटची, मोकळी मोकळी. अप्पा दारातल्या लिंबाखाली बाज विणत बसले होते. पंचाहत्तरी गाठली तरी नवारीची पट्टी ते एकट्यानं ओढून ताठ करायचे.

"फोन नाही, काही नाही," अप्पा म्हणाले. "एकटीच आलीस?"

"एकटीच." तिनं चहा केला, दोघांनी घेतला. मग तिनं टॅबलेट काढून फोटो त्यांच्यासमोर धरला.

अप्पांनी चष्मा पुसून घातला. हा फोटो त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

"कुणी काढला?"

"मदतीला आलेल्या एका डॉक्टरांनी. त्याच दिवशी दुपारी."

"दुपारी मी इथंच होतो." त्यांनी पडद्याच्या कडेबाहेर बोट ठेवलं. "याच्या जरा उजवीकडं. उकरत होतो."

"अप्पा, ओट्यावर आधी भिंत पडलीय. तुम्ही तिथं असता तर आपण दोघंही वाचलो नसतो."

अप्पांनी टॅबलेट तिच्या हातात दिला आणि नवारीची पट्टी उचलली. एक आडवा पट्टा वरून, एक खालून, असे चार पट्टे त्यांनी घातले. ती बसून राहिली.

"ते बदलायलाच पाहिजे का?" शेवटी ते म्हणाले. "माझं एक घर."

तिनं त्यांना पेट्यांचं सांगितलं. तीन सेकंदांचं आणि सातचं सांगितलं. अप्पांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे पळता येण्यासारखी माणसं माझ्यामुळं आत बसून राहतील," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"आपण तिघं मधल्या खोलीत होतो. तुला खोकला होता, म्हणून दार लावून निजलो होतो. आधी आवाज आला. वर्षभर जमिनीतनं ते आवाज यायचे, सवय झाली होती. पण हा वेगळा होता. मी उठलो तवर भिंतीतनं माती गळायली होती. तू डाव्या हाताला, चन्नू उजव्या. तुला उचललं. मग त्याला उचलायला वाकलो." अप्पा थांबले. "दाराला अडसर होता. लाकडी, आडवा, जड. दोन हातांत दोन लेकरं घेऊन अडसर निघत नाही, गंगू. वाकल्यावर मला ते कळलं."

"मग?"

"मग सरळ झालो."

गंगोत्रीच्या मनात सेकंद मोजले जात होते: उठायला दीड, उचलायला एक, अडसराला दोन. तिला स्वतःची लाज वाटली, पण मोजणं थांबेना.

"ओट्यावर दगडच दगड झाले होते," अप्पा सांगत होते. "त्यावरनं तुला घेऊन गेलो, तळपाय फाटला. तुला बोळात ठेवलं आणि वळलो. तोवर माळवद आलं." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "लोक म्हणतात, अशा वेळी विचार करायला वेळ कुठं असतो. असतो. तू सात सेकंद म्हणालीस ना, लई असतात ती. माझी मुलगी माझ्या हातात होती आणि ती मी खाली ठेवली नाही. विचार करून ठेवली नाही."

लिंबाची पानं गळत होती. समोरच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, शिट्टी झाली. गंगोत्रीला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. शाळा, पुण्याचं कॉलेज, लग्न, नागपूरला शिकणारा मुलगा, अकरा वर्षांचं हे काम, पन्नास वर्षांचं आयुष्य त्या एका हातात होतं. उपकार वाटावेत की संताप यावा, तिला ठरवता येईना. त्या खोलीत उजव्या हाताला कोण होतं ते मात्र तिला पहिल्यांदा नीट दिसलं. तिच्यापेक्षा वर्षानं मोठा, ज्याच्या वाटणीचं दूध ती प्यायली होती तो.

"अक्का दुपारी आली," अप्पा म्हणाले. "उमरग्याहनं ट्रकात उभी राहून. तू माझ्या कडेवर. तिनं तुझ्याकडं बघितलं अन् मला विचारलं, कुठं होतास? मी म्हणालो, ओट्यावर. तेवढंच म्हणालो. मग ते सगळ्यांना सांगावं लागलं. तुलासुद्धा."

"तिला वेडी ठरवलं लोकांनी."

"माहीत हाय मला. मी गप बसलो."

पट्टीचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. गंगोत्रीनं ते उचलून घट्ट धरलं. तिला दुसरं काही सुचलं नाही. अप्पांनी विणायला घेतलं आणि उन्हं कलेपर्यंत दोघांनी मिळून ती बाज पुरी केली.

संध्याकाळी अप्पांनी नवी जबानी स्वतःच्या हातानं लिहिली, पोस्टातल्या त्या गोल, सुट्या अक्षरात, आणि खाली सही केली.

"हे छापून यायच्या आधी अक्काला सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "समितीचं उरकलं की तू ये. मी येतो बरोबर."

पुण्याला आल्यावर गंगोत्रीनं संचालकांना लिहून कळवलं की एकशे सतरा नंबरच्या घराचा साक्षीदार आपला बाप आहे आणि इथून पुढं त्या घराला आपण हात लावणार नाही. जबानी फरझानाच्या हाती दिली. फरझानानं ती दोनदा वाचली, माहिती भरली. 'साक्षीदार कुठे होता' या रकान्यातलं 'ओटा' खोडून 'मधली खोली' केलं, आणि कळ दाबली.

घर पडलं. दुसऱ्या सेकंदाला बाहेरचा थर ओट्यावर आला. चौथ्याला मागचा कोपरा गेला. माळवद खांबांवर डोलत राहिलं आणि सहा पूर्णांक आठला बसलं. फोटोतला प्रत्येक दगड जागच्या जागी. प्रोग्राममध्ये माणसं दाखवत नसत, नुसत्या भिंती, तुळया, माती. तरीही गंगोत्री शेवटचा सेकंद बघायला थांबली नाही, व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

समितीतल्या एका सदस्यानं विचारलं, "दोन लाख घरांचा निर्णय एका म्हाताऱ्याच्या शब्दावर घ्यायचा?"

"त्यांच्या शब्दावर नाही, सर," फरझाना म्हणाली. "फोटोवर. आता त्यांचा शब्द फोटोशी जुळतो एवढंच. आणि त्यांच्यामुळं आणखी एक गोष्ट कळली, ती आमच्या गणितात नव्हतीच." तिनं अडसराचं सांगितलं. सातातले दोन सेकंद दारातच गेले होते.

दिवसभर वाद झाला. अखेर ठरलं: लाकडी खांबांच्या माळवदाला पेटी 'बाहेर पळा' म्हणेल, आणि पेटी बसवायला जाणारा माणूस आधी दाराचा अडसर उतरवून तिथं कोपरानं ढकलली तरी उघडेल अशी कडी लावेल. कडी नाही तर पेटी नाही. अहवालात हे कलम चार ओळींचं होतं. त्याखाली साक्षीदाराचं नाव होतं.

अहवाल छापायला जाण्याआधीच्या रविवारी गंगोत्री अप्पांना घेऊन उमरग्याला गेली. मार्च संपत आला होता. इस्त्रीचं धोतर आणि सदरा घालून, परीक्षेला निघाल्यासारखे अप्पा गाडीत मांडीवर हात ठेवून बसले होते.

महानंदाआत्या अंगणात पोत्यावर बसून चिंचा फोडत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळलेली, नजर मात्र लख्ख. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. आता ती त्या घरात एकटीच राहायची.

"तू कशाला आलीस?" ती गंगोत्रीला म्हणाली. मग तिला फाटकात उभा असलेला भाऊ दिसला. तिच्या हातातला चिंचोका पोत्यावर पडला. ती उठली नाही, आत गेली नाही.

"अक्का," अप्पा म्हणाले. "मी ओट्यावर नव्हतो."

कोंबड्या चिंचेच्या टरफलांत चोची मारत होत्या. आत्यानं त्यांना हाकललं नाही.

"आत होतास."

"आत होतो."

"पोरीला खोकला होता."

"होता."

"मी सांगत होते." ती हे गंगोत्रीकडं बघून म्हणाली. "सगळ्यांना सांगत होते. यांनी मला सोलापूरला नेलं, गोळ्या चालू केल्या. पुढं पुढं मलाच वाटायलं, माझंच डोकं फिरलंय, पोरीला खोकला नसलंच." तिचा आवाज चढला नव्हता. "बोल. सगळं बोल."

अप्पांनी उन्हात उभं राहूनच सांगितलं. आवाज, गळणारी माती, डावा हात, उजवा हात, अडसर. लिंबाखाली गंगोत्रीला सांगितलं होतं त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. स्वतःला कुठं सावरून घेतलं नाही. 'विचार करून ठेवली नाही' हेही त्यांनी गाळलं नाही. ते ऐकताना आत्यानं गंगोत्रीकडं पाहिलं, आणि गंगोत्रीला नजर खाली घालावीशी वाटली, पण तिनं घातली नाही.

अप्पांचं सांगून झाल्यावर आत्यानं एक चिंच उचलली आणि न फोडताच परत ढिगात ठेवली. मग तिनं विचारलं,

"चन्नू जागा झाला होता का?"

हे गंगोत्रीनं अप्पांना विचारलंच नव्हतं. अप्पा, नाही म्हणा, असं तिच्या मनात आलं. झोपेत होता म्हणा. जगातला कोणताही प्रोग्राम हे तपासू शकणार नव्हता. कोणत्याही फोटोत ते नव्हतं.

"झाला होता," अप्पा म्हणाले. "उठून बसला होता. 'मामा' म्हणून हाक मारली त्यानं."

आत्याचे दोन्ही हात पोत्यावर टेकलेले होते. "मग?"

"मी म्हणालो, थांब, आलोच."

"असं म्हणालास?"

"होय."

"त्याला ऐकू गेलं?"

"गेलं. मान हलवली त्यानं. बसून राहिला."

आत्यानं पदर तोंडाशी धरला, मग खाली सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, निदान गंगोत्रीला दिसलं नाही.

"मला वाटायचं, अंधारात एकटाच वरडला असंल," ती म्हणाली. "रोज तेच ऐकू यायचं. कुणाला तरी हाका मारायलाय अन् कुणी ओ द्यायलंच नाही. तुझं ऐकायचा तो. माझं नाही ऐकायचा. तू थांब म्हणालास तर थांबायचा."

अप्पांनी फाटकाचा खांब धरला. गंगोत्री त्यांच्याकडं जायला निघाली तशी आत्यानं हातानंच तिला अडवलं.

"तुला माफ करायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही, मन्मथ."

"नको करूस."

"ये. बस इथं."

अप्पा आले. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू खाली बसले, पोत्याच्या दुसऱ्या कडेला. दोघांमध्ये चिंचांचा ढीग होता. आत्यानं तो हातानं बाजूला सारला.

"आता परत सांग," ती म्हणाली. "सावकाश. तुम्ही तिघं जेवायला बसलात तिथनं. काय जेवला होता तो?"

"दहीभात," अप्पा म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगू लागले.